भाषेचा उगम शोधायला निघालात तर घशात अडकू नका

एम.ए.च्या पहिल्या सेमिनारला मी विषय घेतला होता, 'आदिमानव बोलू कधी लागला?' वीस मिनिटं मी स्वरयंत्रावरच बोलले. माणसाचं स्वरयंत्र घशात खाली सरकलं, त्यामुळे वेगवेगळे स्वर काढता आले, मग भाषा आली. बाईंनी एवढंच विचारलं, "मग कर्णबधिर माणसं हातांनी बोलतात ती भाषा नाही का?" मी गप्प.

बोलणं वेगळं, भाषा वेगळी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निदान एक सत्र वाचलं असतं. त्यानंतर वहीच्या समासात प्रत्येक पुराव्यापुढे मी एक शब्द लिहायला लागले: घसा (आवाज), हात (खुणा) की डोकं (विचार)?

इस्राएलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीतल्या माणसाचा सांगाडा मिळाला, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचा. त्यात जिभेच्या मुळाशी असणारं हायॉइड हे हाड शाबूत होतं आणि ते आपल्या हाडाशी खूपच जुळतं. समासात 'घसा'. त्याला काही सांगायचं होतं का, हे त्या हाडावरून कळत नाही. केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळ्या हाका देतात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसत्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तरी बिबट्याच्या हाकेला माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या हाकेला त्यांनी वर पाहिलं, सापाच्या हाकेला खाली गवतात. पण 'काल इथे साप होता' हे ती सांगत नाहीत.

'हात' या शब्दापाशी मी सगळ्यात जास्त रमले. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत आली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवत होते, ते फारसं जमलं नाही. मुलांनी मात्र घरून आणलेल्या खुणा आपसात मिसळल्या, आणि मागून आलेल्या लहानग्यांनी त्यांना व्याकरण दिलं. नवी भाषा जन्मताना अभ्यासकांना पाहायला मिळाली! मोह होतो, पण सांभाळा: त्या मुलांचे मेंदू आजचे होते. आदिमानवाचा दाखला म्हणून हे उदाहरण सरळ मांडलंत तर परीक्षक धरतील.

पॅरिसच्या भाषाविज्ञान संस्थेने १८६६ साली नियमच केला होता की भाषेच्या उगमावरचे निबंध घेणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. बिनपुराव्याच्या कल्पनांचा त्या काळी किती सुळसुळाट होता हे वाचल्यावर राग ओसरला. नुसतं भाषाविज्ञान घेऊन या विषयात भागत नाही. प्राणिवर्तन आणि पुरातत्त्व यांचा एकेक तरी पेपर घ्या. जनुकशास्त्र नंतर चालेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूचे तुकडे सापडले, त्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा कोरलेल्या. वय सुमारे ७५ हजार वर्षं. त्यांच्यापुढे मी आधी 'डोकं' लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. अजून शेजारी प्रश्नचिन्ह आहे.