लाटेतले बुडबुडे आवाज करतात पण आणि खातात पण, घरीच करून बघा

समुद्रात पाण्याखाली वाऱ्यामुळे जो सततचा खळखळाट असतो ना, तो पाण्यावर पाणी आपटल्याचा कमी आणि फुटलेल्या लाटेत कोंडलेल्या हवेचा जास्त असतो, आणि तेच बुडबुडे नंतर आवाज गिळतात सुद्धा.

आधी बुडबुड्यांमुळे पाण्यातला आवाज किती बदलतो ते बघू, सोपंय, गिळणं शेवटी येईल. उंच मगमधे पाणी घ्या, आतून तळाला चमच्याने टकटक करा. आता ईनोची पुडी टाका आणि टकटक थांबवू नका. सूर धाडकन खाली जातो, मग बुडबुडे निघून जातील तसा वर चढत चढत जागेवर येतो. झालं काय, तर नुसत्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, पण शेकडा १ भाग हवा मिसळली की जेमतेम १००-१२०, म्हणजे हवेतल्या ३४० पेक्षाही कमी! वजन पाण्याचंच राहतं पण बुडबुडे पटकन दबतात म्हणून. आणि आवाज हळू धावला की मगचा सूरही खाली येतो.

आता आवाज करणं. पिएझो डिस्कला (कंप झाला की वीज देणारी चकती) शिल्डेड वायर सोल्डर करा, सगळं अराल्डाइटमधे नीट बुडवून वाळवा, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावा, झाला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक. मोठ्या टबात सोडा आणि स्ट्रॉने हळूच एकेक बुडबुडा काढा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम (कुठल्या सुराला किती जोर आहे त्याचा आलेख) बघा. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मधे हिशोब दिलाय, १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३.३ किलोहर्ट्झला वाजतो, ३ मिमीचा १.१ ला (टबाच्या भिंतींमुळे थोडं इकडेतिकडे होणारच). वाजतो फक्त जन्मताना, काही मिलिसेकंद, नंतर गप.

मग पाणी समुद्राइतकं खारट होईल एवढं मीठ (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम) घालून परत जोरात फुंका. बुडबुडे बारीक राहतात, एकमेकात मिसळत नाहीत. समुद्रातही असेच बारीक बुडबुडे मागे रेंगाळतात आणि त्यांचा थर तयार होतो, त्यामुळे वारा खूप वाढला की वीसेक किलोहर्ट्झच्या वरचा आवाज वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण वर जन्मलेल्या नव्या बुडबुड्यांचा आवाज तो थर गिळतो, खाली फारसा पोचत नाही.

कोकणात कुठे जेटीवर हायड्रोफोन सोडायचा असेल तर पावसाळ्यात अजिबात नको. उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असताना एक रेकॉर्डिंग आणि दुपारी खारं वारं सुटून पांढरा फेस दिसायला लागला की दुसरं, दोन्ही एकाच गेनवर (रेकॉर्डिंगचा आवाज वाढवायची सेटिंग), नाहीतर तुलनेला अर्थ नाही. मधे तडतड ऐकू आली तर ती बहुतेक पिस्तूल कोळंबीची, ती दोन्ही वेळेला असणार, सोडून द्या.