ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दम लागायचा, तेव्हा मी काय बदललं

आमच्या भंडारा जिल्ह्यातली पोरं मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या माजी मालगुजारी तलावात, पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. मीही तसाच शिकलो. डोकं कायम पाण्याच्या वर. चाळिशीत ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे छातीवर बेडकासारखं पोहणं, नीट करायला घेतला, तर 20-25 मीटरातच धाप लागायची आणि मान धरायची. वाटायचं, हवा कमी पडते. पण गडबड उलटीच होती. तोंड पाण्यात असताना मी श्वास रोखून धरायचो आणि वर आल्यावर तेवढ्याशा वेळात सोडणं-घेणं दोन्ही उरकू पाहायचो. जुनी हवा निघालीच नाही तर नवी जाणार कुठे?

काठावरच्या एका पोराने हे पकडलं. "काका, तुमचे बुडबुडेच दिसत नाही जी!"

मग आठवडाभर पोहणं बंद. घाटाची पायरी धरायची, तोंड बुडवायचं, नाकातोंडातून सावकाश हवा सोडायची, वर येऊन फक्त घ्यायची. लोक हसले, हसू दिले.

नंतर हातांशी जुळवलं. हात बाहेरून आत छातीखाली येतात तेव्हा खांदे आपोआप उचलले जातात. श्वास तेव्हाच घ्यायचा. नजर समोरच्या पाण्यावर, आभाळाकडे नाही. हात पुढे जाताना चेहरा पाण्यात, मग लाथ, मग अंग लांब करून क्षणभर घसरत जायचं, बुडबुडे सोडत. हे घसरणंच मी घाईत गाळायचो.

आता धाप लागत नाही. मान मात्र कधीकधी धरते. त्या दिवशी मी पुन्हा वर बघत असतो.