दुर्बीण घेण्याआधी

खगोलशास्त्राकडे वळू पाहणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात: दुर्बीण कोणती घेऊ? मी म्हणतो, आधी पायथन ही संगणकाची भाषा शीक.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मीही पैसे साठवून दुर्बीण घेतली होती. नाशिकला गंगापूर रोडच्या गच्चीवरून शनीची कडी, गुरूचे चार चंद्र छान दिसायचे. त्यापलीकडचं सगळं शहराच्या उजेडात बुडायचं. अंजनेरीला गेलं तरी पूर्वेला नाशिकची लाली असतेच. मग एका सरांनी सुचवलं, नासाच्या ‘टेस’ उपग्रहाची मोजमापं सगळ्यांना फुकट मिळतात, ती उघडून बघ.

२०१८ साली सोडलेला टेस आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सुमारे २७ दिवस टक लावून बघतो आणि ताऱ्यांचा उजेड पुन्हा पुन्हा मोजतो. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित घटतो. मी वास्प-१८ हा तारा निवडला. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर ‘लाइटकर्व्ह’ हे पायथनचं पॅकेज टाकलं, आठ-दहा ओळी लिहिल्या आणि आलेख उमटला. जवळजवळ सपाट रेघ, तिच्यात ठरावीक अंतराने एकेक खड्डा. खोली जेमतेम एक टक्का, दोन खड्ड्यांमध्ये ०.९४ दिवस. म्हणजे त्या ग्रहाचं वर्ष आपल्या एका दिवसातच संपतं! ग्रह आधीच सापडलेला होता, पण रात्री दीड वाजता तो मी स्वतः मोजला होता. झोप कुठली लागायला!

पुढे मात्र फसलो. दुसऱ्या एका ताऱ्याच्या आलेखात एकच खड्डा दिसला आणि मी तीन आठवडे त्याला नवा ग्रह समजून बसलो. सरांनी बघताक्षणी विचारलं, त्या वेळी उपग्रह कुठे होता? टेस दर १३.७ दिवसांनी पृथ्वीजवळ येतो, तेव्हा पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला उजेड कॅमेऱ्यात शिरतो. माझा खड्डा नेमका तिथलाच. शिवाय टेसचा एक पिक्सेल आकाशाचा २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) तुकडा व्यापतो, त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा उजेडही मिसळतो.

म्हणून कोडिंगइतकंच संख्याशास्त्र शिका, आणि आकडे देणाऱ्या यंत्राचा स्वभावही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे, रात्रीला सुमारे २० टेराबाइट माहिती. एवढं सगळं माणसाने डोळ्यांनी बघणं शक्यच नाही, पहिली चाळण मशीन लर्निंगच लावणार. पण चाळणीतून उरलेलं खरं की खोटं, हे ओळखणारी माणसं लागणारच. ती तुम्ही व्हा.

आणि नाशिकहून पुण्याच्या रस्त्यावर नारायणगावजवळचं खोडद नक्की बघा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरतं. प्रश्न लिहून न्या. माझा प्रश्न होता, मोबाइलच्या गोंगाटातून आकाशाचा संकेत वेगळा कसा काढता? तिथल्या अभियंत्याने वहीत आकृत्या काढत अर्धा तास समजावलं. ती पानं मी अजून उघडतो.