अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफिसात वकील म्हणून शिरायचं असेल तर

पुण्यात लॉ करणाऱ्या मुलामुलींचे मला वर्षातून पाच-सहा तरी मेसेज येतात. "ताई, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) वकील म्हणून काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी मूळची साताऱ्याची, एलएल.बी. पुण्यात केलं. आता पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचं काम बघते. दरवेळी तेच उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहिते.

पहिलं म्हणजे डोक्यातून कोर्ट काढा. संघातला वकील काळा कोट घालून उभा राहत नाही, तो आकडेमोड करतो. हाउई रोझमनचंच बघा. फोर्डहॅममधून लॉ केलं, संघांना पत्रांवर पत्रं पाठवली आणि २००० साली फिलाडेल्फिया ईगल्समध्ये इंटर्न म्हणून लागला. काम होतं सॅलरी कॅपचं, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेचा हिशोब ठेवण्याचं. २०१० मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, तो जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचा प्रमुख, झाला. २०१५ मध्ये खेळाडू निवडायचे अधिकार त्याच्याकडून काढून प्रशिक्षकाला दिले गेले, वर्षभरात ते परत आले, आणि पुढे २०१८ व २०२५ मध्ये संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. कधी खेळाडू नव्हता, प्रशिक्षकही नव्हता. करार वाचता-वाचता माणूस इथवर आला. न्यूयॉर्क जेट्स संघाचा माजी जनरल मॅनेजर माइक टॅननबाम हाही टुलेन विद्यापीठाचा लॉ पदवीधर, तोही आधी करारच बघायचा.

तेव्हा सॅलरी कॅप शिका. १९९३च्या करारातून ती आली आणि १९९४ मध्ये लागू झाली, तेव्हा प्रत्येक संघाला मर्यादा होती ३.४६ कोटी डॉलरची. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी झाली. खरी मेख आहे पैसे कधी दिले आणि हिशोबात कधी धरले, या फरकात. समजा, खेळाडूशी ५ वर्षांचा करार झाला आणि साइनिंग बोनस (सही करताना द्यायची रक्कम) २.५ कोटी डॉलर ठरला. रक्कम त्याला आत्ताच मिळते, पण कॅपमध्ये दरवर्षी ५० लाखच धरतात. दोन हंगामांनंतर संघाने त्याला काढलं, की उरलेले १.५ कोटी एकदम त्याच वर्षाच्या कॅपवर पडतात. याला डेड मनी म्हणतात. तोच निर्णय १ जूननंतर घेतला, तर यंदा ५० लाख आणि पुढच्या वर्षी १ कोटी. खेळाडू तोच, करार तोच. तारीख बदलली, की यंदाच्या हिशोबात १ कोटी मोकळे होतात. संघाला वकील लागतो तो यासाठी.

हे सगळे नियम २०२०च्या सीबीएत, म्हणजे लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात आहेत. चारशेवर पानं आहेत, फुकट वाचायला मिळतात. पहिल्या पानापासून सुरू करू नका, कंटाळून सोडाल. कलम १३ आधी घ्या, त्यात कॅपचा हिशोब आहे. मग कलम ४६, लीगच्या आयुक्तांच्या शिस्तभंगाच्या अधिकारांचं. वाचताना शेजारी एक्सेल उघडं ठेवा आणि प्रत्येक नियम एखाद्या खऱ्या खेळाडूच्या करारावर लावून बघा.

मी हे टाळलं आणि फसले. शिकत असताना करार-वाटाघाटींच्या एका स्पर्धेत मी संघाच्या बाजूने बसले होते. रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) हंगामात १००० यार्ड धावल्यास १० लाख डॉलरचा बोनस मी कबूल केला, आणि मिळवला तर देऊ म्हणून हिशोबाबाहेर ठेवला. पण आदल्या हंगामात तो त्याहून जास्त धावला होता. अशी अट "साध्य होण्याजोगी" धरतात आणि ती रक्कम यंदाच्याच कॅपमध्ये मोजतात. माझा संघ मर्यादेबाहेर गेला. परीक्षकांनी शांतपणे कलम दाखवलं. त्या रात्री मी ते प्रकरण तीनदा वाचलं.

आता पदवी. एका वर्षाचं एलएल.एम. करून न्यूयॉर्कची बार परीक्षा देण्याचा रस्ता आपल्या मुलांना माहीत असतो. पण संघाचं ऑफिस हेच ध्येय असेल, आणि खर्च झेपत असेल, तर तीन वर्षांचं जेडी (अमेरिकेतली लॉची मूळ पदवी) करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या दोन उन्हाळ्यांत इंटर्नशिप मिळू शकते आणि खरी ओळख तिथेच होते. मार्केट (Marquette) आणि टुलेन या दोन्ही विद्यापीठांत क्रीडाकायदा गांभीर्याने शिकवतात.

खेळाडूंचा एजंट व्हायचं असेल तर खेळाडू संघटनेची परीक्षा असते आणि पदव्युत्तर पदवी लागते. कमिशन ३ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि तीन वर्षांत एकाही खेळाडूचा करार झाला नाही तर मान्यता जाते. हाताशी खेळाडू नसेल तर या वाटेला लागू नका.

व्हिसाचा विचार पहिल्या दिवसापासून करा. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, आणि पुढे खासगी संघाला एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागतं. विद्यापीठांना ती लॉटरी लागू नाही. म्हणून मी कॉलेज फुटबॉलकडे वळले, आणि आज तिथे काम वाढतंय. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाउस' नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर झाल्यापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. म्हणजे मर्यादा आली, करार आले, आणि ते वाचणारी माणसंही लागू लागली.

अर्जासोबत नुसता बायोडेटा पाठवू नका. एखाद्या संघाचा पुढच्या तीन वर्षांचा कॅपचा तक्ता स्वतः तयार करा, कोणाला ठेवावं, कोणाला १ जूननंतर सोडावं हे दोन पानांत मांडा आणि जोडा. पाठवायचा तो मे महिन्यात. मार्चमध्ये खेळाडूंची खरेदी चालू असते, एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंची निवड. त्या दिवसांत तुमचं पाकीट उघडायला तिथे कोणाला सवड नसते.