तोरणमाळला निघताय? सुटे पैसे शहाद्यातच घ्या

तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण, आणि शहादा हे वाटेवरचं शहर. सातपुड्याचा घाट चढायला लागलं की रेंज गुल, आणि फोनवरून पैसे द्यायला गेलं की चक्र नुसतं गरगरत राहतं. मागच्या खेपेला माझ्याकडे ५०० चीच नोट होती. टपरीवाले दादा म्हणाले, "राहू द्या, उतरताना द्या." चहा कडू लागला, खरं सांगतो.

तेव्हापासून शहाद्यातच पेट्रोल भरतो आणि किराणा दुकानातून १०, २०, ५० च्या नोटा करून घेतो. त्या वरच्या खिशात, मोठी नोट आत. नकाशाही तिथेच ऑफलाइन उतरवून ठेवायचा. पाड्यांवरच्या पावरा, भिल्ल आदिवासी बायकांकडून सीताफळं, आमचूर घेताना हेच सुटे कामी येतात. घासाघीस मात्र नको.

पावसाळ्यात धुकं दाटतं, वळणं दिसत नाहीत. सीताखाईची दरी बघून उजेडातच घाट उतरा.