बँडला गमतीशीर नाव देताय? या चुका टाळा

बँडचं नाव बहुतेक वेळा तालीम संपल्यावर, रात्री उशिरा ठरतं. ड्रमर काहीतरी बरळतो, बाकीचे लोळून हसतात आणि कोणीतरी मार्करने ते बास ड्रमवर लिहूनही टाकतं. त्या खोलीत ते नाव भन्नाटच असतं. पण बाहेर ते निवेदकाला उच्चारावं लागतं, पोस्टरवाल्याला छापावं लागतं आणि ऐकणाऱ्याला घरी जाऊन शोधावं लागतं. नावं फसतात ती इथे.

उच्चार शिकवत बसावं लागणं

अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरात १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका बँडचं नाव आहे '!!!'. बस्स, तीन उद्गारचिन्हं. कोणताही एकाक्षरी आवाज सलग तीनदा काढा, चालेल, असं त्यांचं म्हणणं. रूढ उच्चार 'चक् चक् चक्'. कल्पना झकास, पण सर्च बॉक्समध्ये उद्गारचिन्हं टाकून बघा एकदा. 'द द' (The The) या इंग्लिश बँडचीही तीच गत. सर्च इंजिनं जो शब्द किरकोळ म्हणून गाळायची, त्याच शब्दावर अख्खं नाव उभं! अर्थात ते नाव १९७९ चं, त्यामुळे त्यांना माफ. आज नाव ठेवणाऱ्याला ही सवलत नाही.

'लिनर्ड स्किनर्ड'चं प्रकरण तर मला फार आवडतं. लेनर्ड स्किनर हे त्यांच्या शाळेतले पीटीचे शिक्षक, लांब केसांवरून मुलांच्या मागे लागणारे. पोरांनी त्यांचंच नाव उचललं आणि इंग्रजी स्पेलिंगमधले स्वर काढून सगळीकडे 'वाय' कोंबले. मग १९७३ साली पहिला अल्बम आला, तेव्हा नावाचा उच्चार कसा करायचा तेच अल्बमचं शीर्षक म्हणून छापायची वेळ आली.

यावर चाचणी सोपी आहे. अनोळखी माणसाला फोनवर एकदाच नाव सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. तिघांकडून तीन स्पेलिंगं आली, तर नाव बदला.

अक्षरांवर उगाच ठिपके

'मोटरहेड', 'मॉटली क्रू' यांनी इंग्रजी स्वरांवर जर्मन ठिपके दिले ते फक्त रुबाबासाठी. जर्मन भाषेत मात्र त्या ठिपक्यांनी उच्चार बदलतो, हे विसरू नका. शिवाय आता ही युक्ती इतकी जुनी झाली आहे की तिच्यात कसलीच धमक उरलेली नाही.

आधी कोणाचं आहे, हे न बघणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. 'ब्लिंक' नावाचा एक आयरिश बँड आधीच होता, म्हणून कॅलिफोर्नियातल्या मुलांना १९९५ मध्ये नावापुढे १८२ चिकटवावं लागलं. आकड्याला काही अर्थ नाही. त्याच्या ज्या अनेक कथा फिरतात त्या बहुतेक बँडनेच सोडलेल्या पुड्या. 'डायनोसॉर'वर 'द डायनोसॉर्स' नावाच्या बुजुर्ग वादकांच्या बँडने दावा लावला, तेव्हा ते 'डायनोसॉर ज्युनियर' झाले. हे मूळ नावापेक्षा कितीतरी मजेदार, असं माझं मत. 'शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी'ने १९६९ मध्ये पहिला अल्बम काढला, तर खरी वाहतूक संस्थाच कायद्याची भाषा बोलू लागली. नावाला कात्री लागून उरलं फक्त 'शिकागो'. 'ग्रीन जेलो'ची गाठ तर 'जेलो' नावाच्या जेलीच्या ट्रेडमार्कशी पडली. त्यांनी शेवटचा 'ओ' काढून ठिपकेवाला 'वाय' बसवला आणि वर सांगितलं, उच्चार अजूनही 'जेलो'च!

म्हणजे अडकलात तर वाटा तीन: शेपूट जोडा, कापा किंवा अक्षर बदला. मात्र हे पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी उरकलं तर फक्त पोस्टरं वाया जातात. नंतर केलं तर जमलेले श्रोतेही पुन्हा गोळा करावे लागतात.

चावट किंवा बोचरं नाव

'बेअरनेकेड लेडीज'मध्ये ना कोणी स्त्री, ना कोणी उघडं. तरी १९९१ मध्ये टोरांटोच्या नगरभवनासमोरच्या नववर्षाच्या कार्यक्रमातून त्यांना वगळलं, ते नावावरूनच. बातम्या झाल्या आणि त्यांची कॅसेट तडाखेबंद खपली. असं नशीब सगळ्यांचं नसतं, त्यामुळे हे उदाहरण देऊन घरच्यांशी वाद घालू नका. 'द स्लँट्स' या आशियाई-अमेरिकन बँडने स्वतःच्याच समाजाला हिणवणारा शब्द मुद्दाम नाव म्हणून घेतला. ट्रेडमार्क नाकारला गेला आणि लढाई थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचली. २०१७ मध्ये ते जिंकले. तेवढी चिकाटी असेल तर खुशाल ठेवा.

'सध्यापुरतं राहू दे' म्हणणं

सध्यापुरतं असं काही नसतं. 'जेथ्रो टल' सुरुवातीला सारखं नाव बदलायचे, म्हणजे क्लबवाले त्यांना नवा बँड समजून पुन्हा बोलावतील. ज्या नावावर जम बसला ते अठराव्या शतकातल्या, पेरणीयंत्र बनवणाऱ्या इंग्रज शेतीतज्ज्ञाचं. झालं, तेच कायमचं चिकटलं. 'निर्वाणा' बँडचा ड्रमर राहिलेल्या डेव्ह ग्रोलने पहिला अल्बम जवळपास एकट्याने वाजवला आणि ऐकणाऱ्यांना तो अख्खा बँड वाटावा म्हणून 'फू फायटर्स' हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक आकाशातल्या अनाकलनीय दिव्यांना तसं म्हणत. हे करिअर होणार हे ठाऊक असतं तर इतकं बावळट नाव ठेवलंच नसतं, असं तो नंतर म्हणाला.

आणि 'टोड द वेट स्प्रॉकेट'. 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी चमूतल्या एरिक आयडलने एका विनोदी स्किटसाठी हे नाव रचलं. कोणताही बँड चुकूनसुद्धा ठेवणार नाही इतकं खुळचट नाव त्याला हवं होतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी पहिल्या कार्यक्रमापुरतं ते घेतलं. काही वर्षांनी आयडल लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर गाडी चालवत होता. रेडिओवर गाणं संपलं, निवेदकाने बँडचं नाव घेतलं आणि त्याची गाडी रस्ता सोडता सोडता राहिली.