फोर्टिफाइड तांदूळ आणि आयोडीनचं मीठ: या चुका टाळा

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत परवा एक मावशी उंबऱ्यात बसून रेशनचा तांदूळ निवडत होत्या. सुपाच्या कडेला पिवळसर, गुळगुळीत दाण्यांची छोटी रास. "प्लास्टिकचं हाय बघा, पोरांच्या पोटात कसं घालू?"

मी चार दाणे खलबत्त्यात कुटले. पीठ झालं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात ते; असे दाणे मिसळले की तो 'फोर्टिफाइड', म्हणजे पोषण वाढवलेला तांदूळ. १०० किलोत १ किलो, म्हणजे ५ किलोच्या पिशवीत जेमतेम ५० ग्रॅम. वरून घातलेलं सगळं पोषण त्या मूठभर दाण्यांतच असतं; ते निवडून टाकले की उरतो साधा तांदूळ. धुताना काही दाणे वर तरंगतात, तेही पाण्याबरोबर मोरीत जातात. दोन पाण्यांत हलक्या हाताने धुवा, पाणी बेताचं घाला, शिजल्यावर गाळून फेकू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्ताची कमी, आढळला. मावशींची सूनही त्यांतलीच, म्हणून ती रास पाहून जीव तुटला.

घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आजारांचा रुग्ण असेल, तर हा तांदूळ देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मिठाचं वेगळंच. आयोडीन उडून जातं, आणि आपण मीठ ठेवतो शेगडीशेजारी, उघड्या वाटीत. झाकणाची कोरडी बरणी घ्या, उन्हापासून लांब ठेवा. आमटीत मीठ शेवटी घाला.

जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट ताटात लिंबाची फोड असली की ते जास्त लागतं.

आणि एक चूक आपल्या भागाची: रेशनचा तांदूळ आणला म्हणजे काम झालं, असं समजणं. आपलं रोजचं जेवण भाकरीचं, भात दोन घास. ज्वारीत लोह वाढवलेलं 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ मध्येच आलं. त्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या ज्वारीत ३० च्या आसपास. घरची शेती असेल, तर येत्या हंगामात या बियाण्याची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचे कृषी सहायक) जरूर करा.